विहिरीवरचे खोपे

"ग्रहणात आडकित्ता चालवला हिनं. ह्या कानांनी ऐकलंय म्या," सोजराबाई सकाळपासून चौथ्यांदा म्हणाली. "पोटुशीनं ग्रहणात काही कापू नये, हे शेंबडं पोर पन सांगंल."

विजयश्री ओसरीच्या कडेला कपड्यांची पिशवी भरत होती. तिने मान वर केली नाही. तिचं बाळ एकोणीस दिवस जगलं, त्याला जाऊन आज तेरा दिवस झाले होते. सासूचा निकाल लागला होता: हिला कोहिनूर गावी माहेरी पोचवायचं आणि परत आणायचं नाही. नवरा शिवशंकर आईपुढे चकार शब्द काढणाऱ्यातला नव्हता. तो अंगणात मोटारसायकल पुसत होता, जणू लग्नाला निघालाय. आडकित्ता तर सोजराबाईने बाळ गेलं त्याच दिवशी विहिरीत फेकला होता. तेव्हापासून तिचा नवरा राघोबा सुपारी दाढेनेच फोडायचा.

सुनेची ही पाठवणी राघोबाला बघवेना. तो उठला आणि घरामागच्या विहिरीवर गेला. नागनाथ मास्तर तिथे रोजच्यासारखा येऊन बसला होता.

विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकत होते. याच खोप्यांवरून दोघा म्हाताऱ्यांचं चाळीस वर्षं भांडण चालू होतं. राघोबा म्हणायचा, "हात न्हाई, सुई न्हाई, नुसत्या चोचीनं विणलंय. दार बी खालून, साप शिरू नये म्हनून. आन तू म्हनतोस करनारा कुनी न्हाई?" मास्तर बौद्ध, कमठाण्याच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेला. तो खाली पाण्याकडे बोट दाखवायचा. तिथे अर्धवट सोडलेले, वाऱ्याने पडलेले खोपे कुजत असायचे. "धा विणले तवा चार टिकले. टिकले तेवढेच तू मोजायलास." दर पावसाळ्यात हा वाद रंगायचा आणि दर पावसाळ्यात राघोबा जिंकायचा, निदान त्याच्या स्वतःच्या मते.

आज त्याने वर पाहिलंच नाही.

"मास्तर, कलबुर्गीचा डॉक्टर म्हनला, बाळाच्या काळजाच्या दोन नळ्या एकमेकीच्या जागी बसल्या. मोटारीचे पाइप उलटे जोडावे तशा. कुनी जोडल्या?"

मास्तरने पाण्यातल्या खोप्यांवरून नजर काढून घेतली. हा वाद त्याला असा जिंकायचा नव्हता. "कुनीच न्हाई," तो शेवटी म्हणाला. "आन राघोबा, काळीज तिसऱ्या महिन्याच्या आतच घडून होतंय. होळीचं ग्रहण लागलं तवा तिला पाचवा होता. आडकित्त्याला कामून धरून बसायलीत तुमची मानसं?"

राघोबाने मनात ते फिरवून फिरवून पाहिलं. करणारा असेल तर त्याने हे मुद्दाम केलं, नाहीतर विजयश्रीला शिक्षा म्हणून केलं. दोन्हींतलं काहीच त्याच्या घशाखाली उतरेना. मग करणाराच नको. अडुसष्ट वर्षं ज्याच्या भरवशावर पेरलं, कापलं, त्याला सोडणं सोपं नव्हतं, पण त्याने सोडलं.

"विजू, जरा हिकडं ये," त्याने घराकडे तोंड करून हाक मारली. मास्तर समजून बांधाबांधाने निघून गेला.

ती आली, पदर सावरून उभी राहिली.

"पोरी, तुझं काही चुकलं न्हाई. करनारा वर कुनी न्हाईच. खोपा पडतो तसं झालं. पाप न्हाई, शिक्षा न्हाई. आडकित्त्याचं तर काहीच न्हाई."

"खरंच न्हाई, मामा?"

"न्हाई."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे सैल झाले. "मंग आता सांगितलं तर चालंल," ती म्हणाली. "तुमच्या जिवाला लागंल म्हनून आत्याबाईंपुढं बोलले न्हाई. ग्रहणाच्या दिवशी शेतातून येऊन तुमी सवयीनं हाक मारली, 'विजू, सुपारी दे.' मी आत निजलेली उठले आन कातरून दिली."

राघोबाचा हात कमरेच्या पानसुपारीच्या चंचीवर होता, तो तिथेच राहिला. शिवशंकरने हॉर्न वाजवला. विजयश्री वाकून सासऱ्याच्या पाया पडली आणि गेली.

तो तिला थांबवणार होता. घरात जाऊन एवढंच सांगायचं होतं, की सोजरे, सुपारी म्या मागितली. पण पाय उचलेनात. मास्तरचा तिसरा महिना, पाचवा महिना सगळं त्याच्या लक्षात होतं, आणि त्यातलं अक्षरही आता पटत नव्हतं. मघाशी सुनेला जे इतकं ठासून सांगितलं, ते स्वतःला सांगायला त्याची जीभ वळेना. त्याने वर खोप्यांकडे पाहून हात जोडले. आत्ताच ज्याला नाही म्हटलं, त्याचीच तो पुन्हापुन्हा माफी मागत राहिला.

जिची मागायला हवी होती, ती तेव्हा मोटारसायकलवर बसून कोहिनूरच्या वाटेला लागली होती.