तीनदा पुसलेली यादी

मरोळच्या कारखान्यात कॉम्प्युटर चालवणारा अंबादास एकटाच. सोमवारी साहेबांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, "कमी करायच्या माणसांची यादी हेड ऑफिसला गेली. आता इथे तिचा मागमूस नको. युनियनला कळलं, तर पहिला तू घरी."

अंबादासने दिवसभर बसून एकेक फ्लॉपी तीन-तीनदा पुसली, वरून लोहचुंबक फिरवलं, शेवटी कात्रीने तुकडे केले. बोटं दुखून आली. यादीत शेजारचा धोंडू होता. गिरणी बंद पडल्यावर कसाबसा इथे चिकटलेला. चार दिवस अंबादास त्याची नजर चुकवत राहिला. नळावर पाणी भरायलाही बायकोला पाठवायचा.

शुक्रवारी संध्याकाळी धोंडूने त्याला चाळीच्या जिन्यातच गाठलं. हातात कॉम्प्युटरचा लांबलचक कागद, वाकडा छापलेला, त्यावर तेलाच्या डब्याचा गोल डाग. छापताना वाया गेलेले कागद अंबादास नेहमीच घरी आणायचा आणि त्याची बायको ते शेजारणींना द्यायची, फडताळात डब्यांखाली अंथरायला. यादी छापतानाही एकदा कागद अडकला होता, हे त्याला आत्ता आठवलं.

धोंडूने कागदाची नीट घडी करून खिशात घातली आणि अंबादासचा हात धरला.


"तोंडाने सांगायची सोय नव्हती, म्हणून वहिनींच्या हाती कागद धाडलास ना रे? सख्ख्या भावाने केलं नसतं."