दोनशे ओळींची हाळी

"क्षमावाणी फोनवरबी झाली असती की," अतिशय म्हणाला. "एस्टीनं कशाला आलास एवढ्या लांब?"

"पर्युषण संपल्यावर वर्षभराची क्षमा समोरासमोर मागायची असती," गोमटेश म्हणाला.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कचेरीत तो तीन वर्षांनी पाऊल ठेवत होता. अतिशय त्याचा मामेभाऊ. 'हाळी' गोमटेशने इस्लामपुरात घरी बसून लिहिली होती. जावास्क्रिप्टच्या जेमतेम दोनशे ओळी. प्रोग्रॅमचा एक भाग हाळी देतो, ज्यांनी नाव नोंदवलंय ते भाग कामाला लागतात. ऐकणारे कोण, हे देणाऱ्याला ठाऊक असावं लागत नाही. अतिशयने तिच्यावर अख्खी कंपनी उभी केली. कंपनीच्या माहितीपत्रकात गोमटेशचं नाव कुठेच नव्हतं. दुरुस्त्या मात्र अजून तोच करायचा, आणि त्या इथे आपोआप उतरायच्या.

अकराला एका साखर कारखान्याचे संचालक येणार होते. काट्यावर उसाच्या गाडीचं वजन झालं की फाटकावर, कचेरीत आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर एकाच वेळी आकडा दिसायला हवा. पसंत पडलं तर पाच वर्षांचं काम. नाही तर कंपनीला टाळं.

गोमटेशने हात जोडले. "जाणता-अजाणता काय चुकलं असंल तर क्षमा कर."

"तुझं काय चुकायचं? चुकलंय ते माझं."

"तू आधी केली म्हण."

"केली, बाबा. उत्तम क्षमा." अतिशय हसला. "आत्यानं शिकवून पाठवलंय वाटतं."

मग त्याने खणातून नवं माहितीपत्रक काढून पुढे सरकवलं. पहिल्याच पानावर छापलं होतं: हाळी, निर्माता गोमटेश जयपाल मगदूम.

"तीन वर्षं जीव खात होतं हे," अतिशय म्हणाला. "निम्मी भागीदारीबी तुझ्या नावावर केलीय. संध्याकाळी मीच येणार होतो तुझ्याकडं. आता आलाच हाईस तर संचालकांना तूच दाखव."

गोमटेशने ते पान दोनदा वाचलं.

"आज नको. उद्या बोलव त्यांना."

"लाजतोस काय रं?"

"मग दहा मिनिटं दे मला. संगणकावर बसतो जरा."

"आता कुठली दहा मिनिटं, गड्या? जिना चढायलेत ते."

सहा संचालक खुर्च्यांवर बसले. "ही ज्याची करामत, तो हा माझा भाऊ," अतिशयने सांगितलं. टाळ्या झाल्या.

गोमटेशने कळ दाबली. वजनाची नोंद झाली. तिन्ही पडदे कोरेच राहिले. त्याने पुन्हा दाबली.

"हाळी दिली खरी, पण सगळी झोपल्यात जणू," एक संचालक म्हणाला. दुसऱ्याने घड्याळात पाहिलं.

"बघंल की तो आत्ता." अतिशयने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "त्याच्याशिवाय कुणाला कळणार?"

गोमटेशला बघायचं काही नव्हतं. ऐकणाऱ्यांना जागं करणारी ओळ त्यानेच सकाळी साडेसातला, एस्टी धरण्याआधी, काढून टाकली होती.