चौथा पूल

पडद्यावरच्या शिपायानं तिसरा पूल ओलांडला आणि लक्ष्मीकांत पुढे झुकला. आता चौथा. आजवर दर वेळी कम्प्यूटरवर हा खेळ तिथेच गोठत होता.

दिनकरराव साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. भर दुपारची वेळ, बाहेर व्हरांड्यात माणसं अर्ज घेऊन ताटकळत उभी, आणि साहेब सरकारी की-बोर्डवर बोटं आपटत बसलेले. पन्नाशीतल्या माणसाला नाद लागला की तो पोरांच्या वरताण.

"वाका साहेब, पुलाअलीकडे खाली वाका. वरून गोळे येतात," लक्ष्मीकांत म्हणाला.

"मला शिकवता? सात वर्षं खेळतोय मी हा."

ते खरंच होतं. पण साहेबांचं व्हिडिओ गेमचं यंत्र जळालं, आणि हाती उरली नुसती पिवळी कॅसेट. तोच खेळ त्यांनी नेटवरून उतरवून घेतला, तर तो निघाला अस्सल जपानी, तबकडीवरचा, म्हणजे फ्लॉपीवरचा. दर दोन पुलांनी थांबून 'तबकडी उलटा' म्हणणारा. साहेबांना अस्सल नको होता. त्यांना त्यांचा नकलीच हवा होता, कुणा बिनपरवाना कारागिरानं तबकडीतून उचलून कॅसेटमध्ये कोंबलेला, वर तीन जीव जास्तीचे दिलेला. जुने खेळ चालवणारा प्रोग्राम मात्र ह्या कॅसेटला ओळखच देईना. उघडून पाहिलं तर आत चिपच्या जागी लाखेसारखा काळा ठिपका. ना नाव, ना नंबर.

असल्या बेवारस कॅसेटींची जातकुळी शोधायचं वेड ऑफिसात एकालाच होतं, आवक-जावक सांभाळणाऱ्या लक्ष्मीकांतला. साहेबांनी त्याला बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाले, "एवढी चालवून द्या. यादी माझ्याच हातून वर जाते."

यादी वाटणीची. राज्याचे दोन तुकडे होऊन रायपूरकडचं राज्य वेगळं निघालं, तशी बाबू लोकांचीही वाटणी निघाली होती, आणि लक्ष्मीकांतचं नाव रायपूरच्या कच्च्या यादीत होतं. इकडे ग्वाल्हेरात, माधवगंजातल्या घरी त्याची आई, शालिनीताई, लकवा मारल्यापासून अंथरुणाला खिळलेली. ती आता फक्त त्यालाच ओळखायची. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ गच्च मिटून घ्यायची. एकदा तो दोन दिवस इंदूरला गेला, तर तिनं दोन दिवस पाण्याचा थेंब घेतला नाही. तिला गाडीत घालून इतक्या लांब न्यायचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दिनकरराव ऑफिसात सगळ्यांशी हिंदीत बोलत. लक्ष्मीकांतशी तेवढं मराठीत. त्यानं त्या मराठीलाच वचन समजून मनाशी खूणगाठ बांधली. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची ही जुनीच खोड आहे. मराठीत बोलला, की तो आपला.

मग बारा दिवस त्यानं कॅसेटमधला एकूण एक आकडा काढून जपानी खेळाशी ताडून पाहिला. खेळ कम्प्यूटरवर सुरू झाला, पण चौथ्या पुलाशी अडला. कारागिरानं तबकडीच्या यंत्रातलं घड्याळ वगळून स्वतःचं वेगळंच बसवलं होतं. चौथ्या पुलावर खेळ त्या घड्याळाच्या ठोक्याची वाट पाहत थांबायचा, आणि प्रोग्राममध्ये तो ठोका पडायचाच नाही. काल लक्ष्मीकांतनं तो लिहून काढला होता.

शिपाई पुलावर चढला. वाकला. गोळे डोक्यावरून गेले. पडदा क्षणभर थरथरला आणि लक्ष्मीकांतनं डोळे मिटून घेतले.

"गेला!" साहेब ओरडले. "अहो, गेला पलीकडे! कमाल केलीत, लक्ष्मीकांतराव! जमवलंत कसं?"

आणि त्या भल्या माणसानं सगळं सांगितलं. घड्याळ, ठोका, रात्ररात्र बसून शिकलेली प्रोग्रामची भाषा. काही हातचं राखलं नाही. कुणी कौतुकानं विचारण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

साहेब मान डोलवत ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी फाइल ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"देखिए लक्ष्मीकांतजी," ते म्हणाले, "रायपुर से एक आदमी माँगा है, जो कंप्यूटर जानता हो। मैं कब से सोच रहा था, किसे भेजूँ।"

लक्ष्मीकांतला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा सही होऊन गेली होती.

"साहेब, आई... ती माझ्याच हातून खाते हो. तुम्ही म्हणाला होतात..."

"नया राज्य है। काबिल लोग तो देने ही पड़ेंगे। अगले सोमवार को रिलीव।"

फाइल मिटली. साहेबांनी टेबलाचा खण उघडला आणि आणखी चार पिवळ्या कॅसेटी काढून त्याच्यापुढे मांडल्या.

"ह्याही अशाच आहेत हो," ते पुन्हा मराठीत म्हणाले, अगदी घरच्यासारखे. "ह्या तुमच्याशिवाय कुणाला जमायच्या नाहीत."

लक्ष्मीकांतच्या जिवात जीव आला. बुडत्याला काडीचा आधार. त्यानं चारही कॅसेटी छातीशी धरल्या.

"एकेकीला बारा दिवस तरी लागतील, साहेब. म्हणजे तोवर मला इथेच..."

"छे छे, घाई कुठे आहे?" पाचव्या पुलावरून नजर न काढता दिनकरराव म्हणाले. "सवडीनं करा. रायपूरहून पाठवा."