ओढ्यापलीकडची हाक

वेंडेलनं रबरी भोंगा दोनदा जोरात हलवला आणि ओकच्या जाड बुंध्याआड अंग चोरून बसला. भोंग्यातून हुबेहूब नर टर्की पक्ष्याचा आवाज निघाला, घळीभर घुमला. मग खालून उत्तर आलं. मादीची हळू, आर्जवी साद. ती ओरिस टकरनं झाकण घासून वाजवलेल्या लाकडी डबीतली होती.

"आला म्हातारा," वेंडेल स्वतःशीच हसला.

त्या वर्षी मिझुरी राज्यातल्या त्या डोंगरांत वसंत तीन आठवडे आधीच येऊन गेला. फेब्रुवारीतच लोक बाह्या दुमडून हिंडायला लागले. नरांचं नाचणं-फुलणं मार्चमध्येच उरकलं आणि माद्या अंड्यांवर बसल्या. शिकारीचा हंगाम मात्र नेमल्या तारखेलाच उघडला. तोवर पालवी इतकी दाटली होती की वीस पावलांपलीकडचं दिसेना. थकलेले नर तर तोंडच उघडेनात.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या ओरिसला त्या भागात तोड नव्हती. त्याच्या डबीचा आवाज ऐकून नर धावत येतात, असं लोक सांगत. या वर्षी पहिले दोन दिवस एकाही पाखरानं ओ दिली नाही. गावातल्या कॅफेत सगळ्यांना तेवढंच हवं होतं.

"काय ओरिस, डबीला वाळवी लागली का रे?"

"डबीला कशाला बोल लावतोस? म्हातारी मादी कोणाला हवी!"

ओरिस त्यांच्याबरोबर हसला आणि पुढ्यातले मऊ पाव ग्रेव्हीत बुडवून खात राहिला. कोपऱ्यातला वेंडेल हसला नाही. बारा वर्षं तो ओरिसशी बोलत नव्हता. त्याआधीची चाळीस वर्षं दोघं एकाच ओंडक्याला पाठ टेकून शिकारीला बसले होते. मग एकदा वेंडेलनं हंगाम संपल्यावर दोन माद्या मारल्या. रानाच्या अधिकाऱ्यानं विचारलं, तेव्हा ओरिसनं खरं ते सांगितलं. वेंडेलचा परवाना तीन वर्षांसाठी गेला. नंतर ओरिस रस्त्यात भेटला की "कसा आहेस?" म्हणायचा, आणि वेंडेल मान फिरवून निघून जायचा.

तिसऱ्या दिवशी वेंडेलनं भोंगा काढला.

त्या सकाळी ओरिस कॅफेत आला तो जवान झाल्यासारखा. "वरच्या घळीत एक जण बोलतोय," तो म्हणाला. तो आवाज आपल्याच भोंग्याचा, हे वेंडेलनं बाकीच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. सगळ्यांनी कॉफीच्या कपांत तोंडं लपवली. चौथ्या दिवशी वेंडेल आणखी वर गेला, पाचव्या दिवशी कड्यापर्यंत. दुखरा गुडघा ओढत ओरिस काट्याकुट्यांतून मागे येत राहिला.

"लई चलाख दिसतोय तुझा नर," कुणीतरी डोळा मारत म्हणालं.

"असू दे. येईल तो. मला घाई नाही," ओरिस म्हणाला.

सहाव्या दिवशी हवा पालटली. उत्तरेचा वारा सुटला, पावसात बर्फाचे खडे यायला लागले. कोवळी पानं काळी पडली. ओढा तांबडा होऊन काठाबाहेर आला. वेंडेल लांबच्या पुलावरून पलीकडे गेला आणि झाडीत बसला. असल्या हवेत म्हातारा येतोय कसला, असं म्हणत त्यानं भोंगा हलवला.

डबीनं लगेच उत्तर दिलं.

थोड्या वेळानं पानांच्या फटीतून ओरिस दिसला. टोपीतून पाणी गळत होतं. तो काठावर उभा राहून समोरच्या झाडीकडे बघत होता. वेंडेलच्या मनात आलं, पुरे आता. पण त्यानं पुन्हा भोंगा हलवला. ओरिसनं बंदूक खांद्याला अडकवली आणि पाण्यात पाय घातला. गुडघाभर पाण्यातून फिरेल मागे, असं वाटून वेंडेलनं आणखी एकदा हलवला. हसू दाबताना त्याचं पोट दुखायला लागलं. मग गारांचा असा मारा आला की समोरचं काही दिसेना. डबी पुन्हा वाजली नाही.

"गेला घरी," वेंडेल म्हणाला, आणि कॅफेत जाऊन ओल्या विजारीतल्या म्हाताऱ्याची नक्कल करून दाखवली. लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

ओरिस दुसऱ्या दिवशी दोन मैल खाली सापडला, झाडाच्या मुळांत अडकलेला. बंदूक खांद्यालाच होती. ती रिकामी होती, असं पोलीस म्हणाला. खिशातही एक काडतूस नव्हतं.

वेंडेलनं याच गोष्टीचा आधार धरला. काडतुसं न घेता शिकारीला जाणाऱ्या माणसाचं डोकं आधीच गेलेलं असणार. मग तो ओढ्यात उतरला काय आणि विहिरीत उतरला काय. दोन रात्री त्यानं स्वतःला हेच सांगितलं.

दफनानंतर सगळा गाव जेवणाची ताटं-भांडी घेऊन ओरिसच्या घरी गेला. न जाणं डोळ्यांवर आलं असतं, म्हणून वेंडेलही गेला. ओरिसची बायको ओलेटा दारातच उभी होती. त्यानं टोपी काढली.

"वाईट झालं, ओलेटा. वय झालं होतं गं त्याचं. काडतुसं घ्यायचंही भान उरलं नव्हतं."

ओलेटानं त्याच्याकडे पाहिलं. ती रागावेल याची तयारी करून तो आला होता. पण तिनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"भान होतं रे त्याला. पहिल्यांदा तो आवाज ऐकून आला ना, त्याच दिवशी सगळी काडतुसं काढून टेबलावर ठेवली त्यानं. म्हणाला, पाखरू नाही ते, आपला वेंडेल आहे. बारा वर्षांनी मला हाक मारतोय."