आइसक्रीमची वेल

"पहिली वेल कुठं लावली होती तेवढं सांगा. बाकीचं आम्ही बघतो," वनखात्याच्या कीर्ती मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या. पाड्यातली सगळी माणसं टेकाडाखाली उभी होती. भागीनं पदराचं टोक दातांत धरलं.

टेकाड फुलांनी नुसतं गुलाबी झालं होतं. बोईसरच्या बंगल्यांच्या कुंपणावर असते ना, ती आइसक्रीमची वेल. तिनं शेजारच्या राहीबाईचे दोन आंबे झाकले, तूर झाकली, आता घराच्या कुडाला हात घातला होता. दोन पावसाळे पाड्यानं कोयत्यानं छाटली, जाळली. ही मेली पंधरा दिवसांत पुन्हा हजर!

"हिचा जीव जमिनीत असतो," मॅडमनी मुठीएवढा कंद सगळ्यांना दाखवला. "हे बारके आम्ही काढतोय. पण सुरुवातीचा मोठा कंद राहिला, तर पुढच्या वर्षी छपरांवर फुलं येतील."

भागीला ती जागा डोळे मिटूनही सापडली असती. चार वर्षांपूर्वी वेल तिनंच लावली होती. सहा महिन्यांची पोर तापानं गेली, पुरली, आणि तिसऱ्या दिवशी वीटभट्टीची गाडी दारात. भट्टीवर गेल्यावर मागं पोरीवर लावलेल्या झाडाला पाणी कोण घालणार? म्हणून तिनं बंगल्याच्या माळ्याकडं न मरणारं झाड मागितलं. "इसको कुछ नहीं होता," तो म्हणाला होता. खोटं नाही बोलला बिचारा. उन्हाळ्याअखेर ती परतली तेव्हा पोरीवर फुलंच फुलं होती. त्या दिवशी भागी पोटभर रडली, आणि किती दिवसांनी तिला बरं वाटलं.

"जो कुनी असंल त्यानं सांगा रं," राहीबाई रडकुंडीला आली. "माजी तूर गेली. आता पोरांच्या ताटात काय घालू?"

पोर गेली त्या रात्री याच राहीबाईनं भागीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. भागीला ते ऐकवेना. ती गर्दीतून निघाली आणि वेली तुडवत टेकाड चढली. नवरा सुका पहार घेऊन मागं आला. अर्ध्या चढावर ती थांबली.

"हितं."

मागोमाग आलेल्या राहीबाईनं तोंडावर हात ठेवला. "भागे, अगं हितं तर तुजी..."

"हां."

मॅडमना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी वर येऊन वेल बाजूला सारली, मनगटाएवढं जाड खोड बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हेच! गुडघाभर तरी खणायला लागेल. तुकडासुद्धा आत राहता कामा नये."

भागी नवऱ्याकडं वळली. "तवा तू किती खनलं व्हतं?"

सुकाला वर बघवेना. "खाली कातळ लागला," तो म्हणाला. "गुडघाभरच."

त्यानं पहार उचलली. भागीनं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि लांब ठेवली. मग फतकल मारून बसली आणि दोन्ही हातांच्या बोटांनी माती उकरू लागली.

"अहो, हातानं कसं जमेल? संध्याकाळ होईल," मॅडम म्हणाल्या.

"होऊ द्या," भागी मान वर न करता म्हणाली. "पहारीनं दुखंल तिला."