धाकटीची चाहती

सासूबाईंच्या लाडक्या संगीत नाटकातली सासू धाकट्या सुनेची पेटी माळ्यावर फेकते, तेव्हा नाट्यगृहात सगळ्यात मोठा हुंदका सासूबाईंचा असायचा. धाकटीवर त्यांचा इतका जीव, की तिच्या सासूचं काम करणारी नटी एकदा भाजीच्या दुकानात समोर आली, तर यांनी चक्क पाठ फिरवली. "त्या कैदाशिणीचं तोंड बघू नये!" घरी आल्यावर पुन्हा धाकटीची सगळी पदं, सगळी वाक्यं, हातवाऱ्यांसकट. माया अशी सगळी तिकीट काढून खर्च व्हायची; घरात आणायला काही उरत नसे.

त्याच नाटकाच्या कोरसमध्ये आपली निवड झाली, हे सांगताना घरच्या सुनेला वाटलं, आज तरी यांची कळी खुलेल.

"आपल्या घरातल्या बायका गाणं ऐकतात, गात नाहीत!" सासूबाई कडाडल्या. कमरेवर हात, मान तिरकी. हुबेहूब ती कैदाशीण.

सुनेने हातातलं पातेलं खाली ठेवलं. स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून तिलाही नाटक पाठ झालं होतं. तिने सरळ धाकटीचं वाक्य म्हटलं. "आई, पेटी माळ्यावर टाकाल. माझा गळा कुठे टाकाल?"

सासूबाईंचे डोळे भरून आले. पदराने ते टिपत त्या म्हणाल्या, "धाकटी 'गळा' म्हणायच्या आधी थांबते. तुला एवढंही कळत नाही, आणि निघालीस नाटकात! घास ते पातेलं."