सुताराचा पंख

"हे पोरीनं कापलंय? कोणाला सांगता!" परीक्षकांनी छोट्या रॉकेटच्या बुडाचे तिन्ही पंख बोटानं चाचपले आणि स्पर्धेच्या यादीवर पेन टेकवलं. "वडील सुतार आहेत म्हणे. झालं तर मग! दुसऱ्याचं काम इथे चालत नाही. नाव खोडतो."

पोरगी टेबलापाशी ताठ उभी होती. मनगटांवर लाल चट्टे. पंख कापताना उडणारी फायबरग्लासची भुकटी कातडीत शिरली की दोन-दोन दिवस खाज जात नाही. त्या मनगटांकडे बघायला कोणाला सवड होती!

सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कामावरून तो तसाच धावत आला होता, हत्यारांची पिशवी अजून खांद्याला होती. या पंखांना पोरीनं त्याला हात लावू दिला नव्हता. दुकानातसुद्धा तिनंच फायबरग्लासचा एकेक पत्रा वाकवून, उजेडात धरून पाहिला होता, दुकानदार वैतागेपर्यंत. फक्त एकदा, ती शाळेत असताना, त्यानं हौसेनं एक पंख कापला. लाकूड कापायच्या करवतीनं, आणि तुकडा वाया जाऊ नये म्हणून कोपऱ्यात तिरका आखून. पोरीनं तो दोन बोटांत धरून वाकवला.

"बाबा, आतल्या काचेच्या विणीचे धागे तिरके गेलेत. वेगात फडफडून तुटेल हा."

आणि सरळ कचऱ्यात टाकला. वीस वर्षं ज्याच्या कामात कुणी खोट काढली नव्हती, तो चार दिवस लेकीशी धड बोलला नाही. पंख मात्र त्यानं गुपचूप उचलून पिशवीत ठेवला होता.

"सांगा की खरं," परीक्षक हसले. "इतकी सफाई कसलेल्या हातालाच जमते. तुम्हाला तर अभिमान वाटायला हवा."

बाकीचे पालक माना वळवून बघू लागले. त्यांत त्याची दोन गिऱ्हाइकं होती.

सुतारानं पिशवीत हात घातला. कडा उसवलेला, दोरे सुटलेला तो पंख काढून त्यानं पोरीच्या रॉकेटशेजारी आपटला.

"हा सुतारानं कापलेला. वाकवून बघा, साहेब. मग तिचा वाकवा." त्याचा आवाज साऱ्या हॉलभर गेला. "आणि मग खोडा, कुणाचं नाव खोडायचं ते."